पंक्तीपासून प्रभुभोजनापर्यंत : रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि जालन्याची प्रेसबिटेरियन मंडळी

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार सामान्यतः बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक या तीन नावांभोवती फिरतो. या तिघांनीही लिहिले आणि म्हणूनच वाङ्मयेतिहासाला ते दिसले. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव मात्र ग्रंथकारांच्या यादीत सापडत नाही. ते भेटतात ते इतरांच्या लेखनात : बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्राच्या एका प्रकरणात, स्कॉटिश मिशनऱ्यांच्या आठवणींत आणि अहवालांत, तसेच तत्कालीन वृत्तपत्रांच्या वादविवादांत. त्यातही ते बहुधा धाकट्या भावाच्या, श्रीपतच्या, खटल्याच्या निमित्ताने येतात. खटला संपला की मराठी अभ्यासकाचे त्यांच्याकडचे लक्षही संपते.

वस्तुतः त्यानंतर शेषाद्री जवळजवळ अर्धशतक जगले आणि त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य मुंबईत नव्हे, तर मराठवाड्यात, निजामाच्या मुलखातील जालना या छावणीच्या गावी झाले. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची मांडणी एका सूत्राच्या आधारे करावयाची आहे. १८४३ साली त्यांच्या घरासमोर उभा राहिलेला प्रश्न, एका दृष्टीने पाहिले तर, पंक्तीचा होता : कोणी कोणाबरोबर जेवले आणि त्यामुळे कोण कोणाचा राहिला. जालन्याच्या मंडळीत त्यांनी आयुष्यभर जे उभारले, तेही एका भोजनाभोवतीच उभारलेले होते. या दोन टोकांमधील अंतर नीट पाहिले, तर धर्मांतराच्या परिचित कथेपेक्षा अधिक गुंतागुंतीचे चरित्र हाती लागते.

२

स्कॉटिश मिशनचे कार्य पश्चिम भारतात १८२३ पासून कोकणात बाणकोट-हर्णैच्या परिसरात सुरू झाले. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि त्यांच्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय विकसित झाले. या शाळेतील इंग्रजी शिक्षणाचे आकर्षण ब्राह्मण आणि प्रभू घराण्यांतील तरुणांना मोठे होते, आणि त्यामागील धर्मप्रसाराच्या हेतूविषयीची धास्तीही तितकीच मोठी होती. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि विल्सन यांच्यात जाहीर वाद झडला होता. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतराने शहर हादरले आणि शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या एकाएकी घटली. नारायण शेषाद्री या वातावरणात शिकले.

त्यांच्यावर सर्वाधिक प्रभाव पडला तो रॉबर्ट नेस्बिट यांचा. १८२७ मध्ये भारतात आलेले नेस्बिट मराठीवरील प्रभुत्वासाठी मिशनच्या वर्तुळात आणि वर्तुळाबाहेरही नावाजले गेले होते. त्यांचे सहकारी जेम्स मरे मिचेल १८३८ मध्ये आले. पुढे तुकारामाच्या अभंगांचा अभ्यास करून त्यांनी इंग्रजी वाचकांना त्यांचा परिचय करून दिला. शेषाद्रींना ख्रिस्ती विचार मिळाला तो अशा, मराठी भाषेत रमलेल्या शिक्षकांकडून. परका धर्म आणि स्वभाषा यांची ही सांगड त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी आहे.

१८४३ हे वर्ष या मिशनच्या दृष्टीने दुहेरी फुटीचे ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटलंडची चर्च दुभंगली. मंडळीचा पाळक नेमण्याचा अंतिम अधिकार जमीनदार-आश्रयदात्याचा की खुद्द मंडळीचा, या वादातून शेकडो पाळकांनी सरकारमान्य चर्चचे वेतन, घरे आणि मंदिरे सोडली आणि फ्री चर्च स्थापन केली. मुंबईतील मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले. परिणामी त्यांनाही आपली शैक्षणिक वास्तू सोडून नव्याने बस्तान बसवावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात नारायण शेषाद्री यांनी नेस्बिट यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. राजाश्रय नाकारून सभासदांच्या वर्गणीवर उभी राहू पाहणारी चर्च आणि घर-जात सोडून आलेला तरुण हे दोघेही एकाच वर्षी बेघर झाले, हा योगायोग खरा. परंतु शेषाद्रींच्या मंडळीविषयक कल्पना समजून घेताना तो नजरेआड करता येत नाही.

३

नारायणांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. तो सुमारे बारा वर्षांचा होता. वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर हे प्रकरण आले आणि मुलगा अज्ञान असल्याने त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्याचा आदेश झाला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण येथे मिटले. समाजाच्या दृष्टीने ते येथून पुढे सुरू झाले.

श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तथापि त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते. न्यायालयाने पित्याला पुत्र परत दिला, परंतु पंक्तीत त्याची जागा परत देण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. प्रायश्चित्त देऊन मुलाला शुद्ध करून घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली आणि त्यासाठी शास्त्राधार व पाठबळ मिळविण्याची खटपट केली. सनातनी पक्षाने तीव्र विरोध केला. मुंबईच्या ब्राह्मणवर्गात तट पडले, आणि मुलाच्या बाजूने उभे राहिलेल्यांच्या शुद्धतेचाही प्रश्न निघाला. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणाऱ्या बाळशास्त्रींना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या वादाची झळ सोसावी लागली. १८४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रकरणाचे विवेचन बहुधा बाळशास्त्रींच्या सुधारकत्वाचा पुरावा म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु थोरल्या भावाच्या बाजूने पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते. बाळशास्त्रींनी जे दार उघडण्याचा प्रयत्न केला, ते श्रीपतसाठी होते. बाप्तिस्मा घेतलेल्या नारायणांसाठी ते दार बंदच राहिले. आपल्या निर्णयामुळे भावाची झालेली ओढाताण, वडिलांना चढावी लागलेली न्यायालयाची पायरी आणि ज्ञातीत माजलेली दुही हे सारे त्यांना दुरून पाहावे लागले. धर्मांतरिताच्या मिळकतीवरील हक्क अबाधित ठेवणारा कायदा १८५० मध्ये झाला. पण तुटलेल्या सोयऱ्याधायऱ्यांसाठी कोणताही कायदा नव्हता. नव्या धर्मात गेलेल्या माणसाला नवी श्रद्धा मिळे, पण नवे आप्त मिळतीलच याची हमी नसे. मंडळी म्हणजे काय, हा प्रश्न शेषाद्रींच्या बाबतीत ईश्वरशास्त्राच्या आधी जगण्याचा प्रश्न होता.

४

पुढील दशक त्यांनी मुंबईत अध्यापन आणि अध्ययन यांत घालविले. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेळगाव येथे बाबा पदमनजी यांनी बाप्तिस्मा घेतला. फ्री चर्चच्या मुंबईतील शाळेतच त्यांचेही शिक्षण झाले होते, आणि १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रातून त्या काळच्या तरुण मनांची घालमेल आपल्यासमोर येते. १८५५ मध्ये नेस्बिट मुंबईत पटकीने वारले.

पदमनजी आणि शेषाद्री यांच्या वाटा येथून वेगळ्या होतात. १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून पदमनजींनी मराठी कादंबरीचा आरंभ केला. १८६७ मध्ये दीक्षा घेऊन त्यांनी पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळकपद काही वर्षे सांभाळले, परंतु त्यांचे खरे क्षेत्र लेखणीच राहिले. शेषाद्री शहर सोडून खेड्यांकडे वळले. पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि मग जालना ही त्यांची कार्यक्षेत्रे झाली. एकाने सुशिक्षित उच्चवर्णीय वाचकाशी संवाद मांडला, तर दुसऱ्याने ज्याला अक्षरही शिकू दिलेले नव्हते अशा श्रोत्यापुढे उभे राहणे पसंत केले. मराठी ख्रिस्ती परंपरेतील हे दोन प्रवाह परस्परपूरक आहेत. वाङ्मयेतिहासाने नोंद मात्र एकाचीच घेतली.

५

जालना हे त्या काळी व्यापाराचे आणि छावणीचे गाव होते. निजामाच्या राज्यात जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजेच अंबाजोगाई या ठिकाणी लष्करी छावण्या होत्या. या गावांत मूळ वस्तीच्या शेजारी छावणीचा बाजार, दूरदूरच्या प्रांतांतून आलेले शिपाई, नोकर, कारागीर अशी संमिश्र वस्ती असे. गावगाड्याचे नियम तेथे थोडे सैल होत. मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळ्यांचा उगम छावण्यांच्या आसपास का झाला, याचे एक उत्तर या सैलपणात आहे. लोहमार्ग जालन्यापर्यंत आला तो शेषाद्रींच्या मृत्यूनंतर. त्यांच्या काळात मुंबईहून येथवरचा प्रवास कष्टाचाच होता.

१८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी येथे कार्य आरंभिले. त्यांना प्रतिसाद मिळाला तो प्रामुख्याने मांग समाजातून. गावगाड्यात मांगांचे स्थान सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी होते. दोरखंड वळणे, वाजंत्री वाजविणे अशी कामे त्यांच्याकडे होती आणि चोरीचा संशय प्रथम त्यांच्यावर जाई. या समाजाच्या वेदनेला मराठी गद्यात तोपर्यंत एकदा वाचा फुटलेली होती. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला होता, आणि धर्मग्रंथाच्या अधिकारापासून आपल्याला दूर ठेवल्याचा प्रश्न तिने त्यात उपस्थित केला होता. स्वतः फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. तेव्हा शेषाद्रींचे जालन्यातील कार्य एकाकी नव्हते. ज्या प्रश्नाला पुण्यात शाळेने उत्तर देऊ पाहिले, त्याला जालन्यात मंडळीने उत्तर देऊ पाहिले, असे म्हणता येईल.

मुंबईच्या न्यायालयात ज्याच्या भावाच्या अन्नशुद्धीची चर्चा झाली, तो ब्राह्मणकुळात जन्मलेला माणूस आता मांगवाड्यात जात-येत होता. मराठवाड्याच्या वाङ्मयीन स्मृतीत अशा प्रसंगाला पूर्वपीठिका आहे. नामदेवांचे नाते आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी सांगितले जाते. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढल्याची आणि त्यांच्या घरी जेवल्याची कथा महिपतींनी लोकमानसात रुजविली. एकनाथकथेत मात्र चमत्काराच्या साक्षीने नाथ पुन्हा ब्राह्मणांच्या पंक्तीला मान्य होतात. शेषाद्रींना परत नेणारा असा चमत्कार नव्हता. त्यांना नवी पंक्तच मांडावी लागली.

६

ही पंक्त कोणत्या चौकटीत मांडली गेली, हे समजण्यासाठी प्रेसबिटेरियन व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. या व्यवस्थेत बिशप नसतो. मंडळीचे सभासद आपल्यातून वडील निवडतात. पाळक आणि वडील यांची मिळून सभा बनते. सभासदाला प्रवेश देणे, त्याच्या वर्तनाची चौकशी करणे, दोषी ठरल्यास प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे आणि पश्चात्तापानंतर पुन्हा स्वीकारणे हे तिचे काम असते. अनेक मंडळ्यांच्या पाळक-वडिलांची मिळून प्रेसबितरी होते, आणि पाळकही तिला उत्तरदायी असतो.

मराठी वाचकाला यात जातपंचायतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोहोंतही बहिष्कार आहे, दोहोंतही परत घेणे आहे, आणि दोहोंतही शिक्षेचे व क्षमेचे ठिकाण भोजन हेच आहे. फरक अधिकाराच्या आधारात आहे. पंचायतीचा आधार जन्म, तर वडिलांच्या सभेचा आधार निवड. व्यवस्थेच्या नियमानुसार मांग कुळात जन्मलेला वडील आणि ब्राह्मण कुळात जन्मलेला पाळक एकाच सभेत समान मताने बसू शकत होते. श्रीपतच्या प्रकरणात ज्या प्रश्नावर बाळशास्त्रींना शास्त्राधार शोधत फिरावे लागले, तो परत घेण्याचा प्रश्न येथे मंडळीच्या नित्य कामकाजाचा भाग होता.

प्रभुभोजनाचा विधी स्कॉटिश परंपरेत वारंवार होत नसे. त्याआधी पूर्वतयारी, प्रश्नोत्तरावलीचे ज्ञान, परस्परांतील भांडणे मिटविणे यांवर भर असे. भाकर एक आणि पेला एक. उष्ट्याच्या कल्पनेने ज्या समाजाचे दैनंदिन व्यवहार बांधलेले होते, त्या समाजात एका पेल्याला ओठ लावणे ही घटना प्रवचनापेक्षा अधिक बोलकी होती. बाप्तिस्म्याने माणूस जुन्या पंक्तीतून बाहेर पडे. नव्या पंक्तीत तो बसला हे या पेल्याने सिद्ध होई.

परंतु धर्मविधी वर्षातून काही वेळा होतो आणि पोट रोज भरावे लागते. धर्मांतरित मांगाला गावातील बलुते, पाणवठा आणि राहती जागा या तिन्ही बाबतींत अडचण येई. यावर शेषाद्रींनी योजलेला उपाय म्हणजे बेथेल. जालन्याजवळ त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळविली. त्या काळी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग होते. एका मुस्लिम राज्यकर्त्याच्या जमिनीवर, ब्राह्मणकुळातील पाळकाने, मुख्यतः मांगांसाठी वसविलेले हे ख्रिस्ती गाव होते. बेथेल या हिब्रू नावाचा अर्थ देवाचे घर. घरातून पळ काढलेल्या याकोबाने उघड्या माळावर दगड उशाला घेऊन रात्र काढली आणि त्या जागेला हे नाव दिले, अशी उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आहे. घर सोडलेल्यांच्या वसाहतीला याहून समर्पक नाव मिळणे कठीण होते.

उपासनामंदिर, शाळा, घरे, शेती आणि कारागिरी असे या वसाहतीचे स्वरूप होते. रविवारची उपासना आणि शब्बाथशाळा यांनी आठवड्याला नवी लय दिली. वाचता येणे ही येथे चैन नव्हती, कारण बायबलवाचन आणि प्रश्नोत्तरावली यांच्याशिवाय सभासदत्व पुरे होत नसे. पदमनजींच्या पुस्तिका आणि ‘ज्ञानोदय’ यांसारखे लेखन ज्या ग्रामीण वाचकांसाठी अर्थपूर्ण ठरू शकत होते, तो वाचक अशा वसाहतींतून घडत होता. लेखकाप्रमाणे वाचकही वाङ्मयाचा घटक असतो, हे मान्य केल्यास बेथेलची शाळा ही वाङ्मयेतिहासाची बाब ठरते.

७

शेषाद्रींची कीर्ती परदेशात पसरली ती १८७३ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली. तीत ते आपल्या पागोट्यासह एतद्देशीय वेषात उपस्थित राहिले आणि त्यांनी अस्खलित इंग्रजीत भाषण केले. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला अद्याप वीस वर्षे अवकाश होता. अमेरिकेतील, कॅनडातील आणि स्कॉटलंडमधील मंडळ्यांपुढे त्यांनी जालन्याच्या कार्याची माहिती देऊन साहाय्य मिळविले.

या प्रवासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. स्वावलंबी मंडळी हा फ्री चर्चचा आदर्श होता, आणि प्रत्यक्षात बेथेलला परदेशी देणग्यांची गरज भासत होती. सभासदांच्या वर्गणीवर चर्च चालविण्याची कल्पना स्कॉटलंडमधील व्यापारी आणि कारागिरांच्या मंडळ्यांतून आली होती. दुष्काळी मुलखातील भूमिहीनांच्या मंडळीला ती पेलणे सोपे नव्हते. शिवाय परदेशी सभागृहांना जे आकर्षण वाटले, ते धर्मांतरित ब्राह्मणाचे होते. ज्या मांग कुटुंबांनी ही मंडळी घडविली, त्यांची नावे त्या व्यासपीठांवर क्वचितच पोहोचली असतील. जातीतून बाहेर पडलेल्या माणसाची जात जगाने विसरू दिली नाही, हा या चरित्रातील कडवट भाग आहे.

१८९१ मध्ये अशाच एका परदेशप्रवासात समुद्रावर त्यांचे निधन झाले. वडिलोपार्जित घर त्यांनी तरुणपणीच गमावले होते आणि स्वतः वसविलेल्या गावातही त्यांना अखेरचा विसावा लाभला नाही.

८

शेषाद्रींच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन मर्यादा मान्य कराव्या लागतात. पहिली अशी की वेगळ्या वसाहतीमुळे नवख्रिस्ती सुरक्षित झाले, परंतु गावापासून दुरावले. जातिभेद मोडण्यासाठी उभारलेली मंडळी बहुतांशी एकाच जातीतून आल्याने तिच्याकडे बाहेरचे लोक पुन्हा एक जात म्हणूनच पाहू लागले. दुसरी मर्यादा सांस्कृतिक आहे. तेव्हाच्या अहमदनगर येथील अमेरिकन मिशनच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनपरंपरा ख्रिस्ती उपासनेत आणली आणि पुढे तेथेच टिळकांची कविता बहरली. स्कॉटिश प्रेसबिटेरियन शिस्तीचा ओढा स्तोत्रे, प्रवचन आणि प्रश्नोत्तरे यांकडे अधिक होता. जालन्याला टिळकांच्या तोडीचा कवी लाभला नाही, याच्या कारणांत हाही एक भाग असावा.

तथापि संस्थेच्या रूपाने ही परंपरा टिकली. १९०४ मध्ये भारतातील प्रेसबिटेरियन मंडळ्यांची एकत्रित चर्च बनली. १९२४ मध्ये ती काँग्रिगेशनल मंडळ्यांसह उत्तर भारतीय संयुक्त चर्चमध्ये सामील झाली, आणि १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाली. नावे बदलली, तरी पाळक, वडील, सभा, प्रभुभोजन हा शब्दव्यवहार मराठवाड्यातील मंडळ्यांच्या मराठीत रुजून राहिला. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला गेला आणि ख्रिस्ती झालेल्या मातंगांसमोर तोच जुना प्रश्न नव्या सरकारी भाषेत उभा राहिला : धर्म बदलल्यावर माणूस कोणाचा राहतो?

१८४३ मध्ये हा प्रश्न एका ब्राह्मण कुटुंबापुढे होता. त्याचे शास्त्रीय उत्तर बाळशास्त्रींनी शोधले आणि न्यायालयीन उत्तर पेरी यांनी दिले. नारायण शेषाद्री यांनी ग्रंथ न लिहिता एक मंडळी वसवून त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ते उत्तर अपुरे होते, परंतु बाकीची दोन उत्तरेही अपुरीच होती. मराठी प्रबोधनाचा इतिहास लिहिताना वृत्तपत्रांचे जुने अंक आपण जपून वाचतो. मराठवाड्यातील लहान मंडळ्यांच्या बाप्तिस्मा-विवाह-नोंदवह्या आणि वडिलांच्या सभांची इतिवृत्ते ही साधनेही तितक्याच आस्थेने वाचण्याची गरज आहे. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, त्यांच्या मराठीचा इतिहास तेथेच लिहिला गेलेला आहे.